ओली पोती

१४ मार्च

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात थांबला. तुम्हीही उलट 'चिरंजीव' लिहिणार नाही हे मला पक्कं माहीत आहे, तेव्हा फिटंफाट. फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. पत्र कितीही वेळा खाली ठेवलं तरी ते तिथेच पडून राहतं आणि माणूस कधीतरी वाचतोच.

ताकाला जाऊन भांडं लपवणार नाही. आम्ही बोट घेतोय. जुनी आहे, लाकडाची आहे, इंजिन बसवलेलं आहे, चार माणसांना पुरेल एवढी आहे. मी लग्न करून निघाले तेव्हा तुम्ही हातातला रंधासुद्धा खाली न ठेवता म्हणाला होतात, "दुसऱ्याच्या बोटीवर जाळं ओढणारा तो. त्याच्या नावावर स्वतःची बोट होईल त्या दिवशी दोघं या. तोवर माझ्या दारात पाऊल नको." शब्द न् शब्द लक्षात आहे. बाबांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ, असं आई म्हणायची. ती गेली त्या दिवशीसुद्धा आम्ही दोघं तुमच्या आवारात, अर्धवट बांधलेल्या एका बोटीच्या सावलीला उभे राहिलो आणि तिथूनच परत आलो. तुम्ही खिडकीतून बघितलंत. मीही तुम्हाला बघितलं.

असो. तर आता बोट होतेय. मला आशीर्वाद नकोय, सल्ला हवाय. जन्मभर बोटी बांधणाऱ्या माणसाला विचारतेय, बापाला नाही. तुमचा जावई (हो, जावईच, तुम्ही खुशाल 'तो' म्हणत बसा) लोखंडी बोटींवर वाढलेला. लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नाही. तो म्हणतो, "तू सुताराची मुलगी. तू हो म्हणालीस की माझा विषय संपला." आता बोला! म्हणजे उद्या हा भर समुद्रात बुडाला तर हो कोणी म्हटलं होतं? मी.

विकणारा एक म्हातारा आहे. धक्क्यावर त्याला सगळे होहो म्हणतात, कारण काहीही विचारा, उत्तर एकच. भाव कमी करा म्हटलं, हो. नांगर आणि दोर त्यातच धरा म्हटलं, हो. जाळी? हो. अहो, मी घरून तयारी करून गेले होते, काय बोलायचं, कुठे अडून बसायचं, कुठे उठून निघाल्यासारखं करायचं. सगळं पोटातच राहिलं. जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्या मनात काहीतरी असतंच. गोगलगाय नि पोटात पाय. तुम्हाला माहीत नसेल, मी इथे लोकांची जाळी दुरुस्त करते. भोक शोधायचं यावरच माझं पोट चालतं. जिथे भोक दिसत नाही तिथे मी जास्त वेळ बघते.

आणि तुमच्या जावयाने काय करावं? बोटीत चढला, तळाला पाणी दिसलं, पडलेला डबा उचलला आणि लागला उपसायला! अजून भाव विचारला नाही, बोट आपली नाही, आणि हा घरचं काम असल्यासारखा घाम गाळतोय. मी दंडाला चिमटा काढला तर म्हणतो, "पाणी होतं ना." म्हातारा एकटक त्याच्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, झालं, गिऱ्हाईक गळाला लागलं.

जुनी बोट कशी पारखायची ते लिहा. उत्तर बोटीबद्दलच द्या, बाकीचा विषय काढू नका.

धाकटी


२६ मार्च

बाबा,

तुमचं उत्तर नाही. टपाल पोचलं नाही असं म्हणायला जागा नाही, कारण वहिनीच्या चार ओळी मात्र वेळेवर येतात. त्यात तुमचा गुडघा असतो आणि तिने केलेल्या शेकाचं कौतुक असतं. माझं पत्र तिने आधी वाचलं असेल तर, वहिनी, हे तुझ्यासाठी: वाच आणि बाबांच्या हातात दे.

मी बोट तपासली. तुमच्याकडे लहानपणी जे बघितलं ते सगळं केलं. हातोडीच्या दांड्याने फळी न् फळी ठोकली. कुजकं लाकूड बद्द वाजतं, चांगलं टणटणीत. सगळं टणटणीत वाजलं. मग तळातलं पाणी करंगळीने जिभेला लावलं. गोडं पाणी लाकूड खातं आणि खारं पाणी लाकूड राखतं, हे तुम्हीच सांगायचात. गोडं लागलं असतं तर पावसाचं पाणी वरून झिरपतंय, फळ्या आतून गेल्या, हे कळलं असतं. खारट लागलं. चांगलं झालं ना? पण इतकं खारट की मला वाटलं म्हाताऱ्याने आदल्या दिवशी मूठभर मीठ टाकलं असणार. हे मी बोलून दाखवलं. तो म्हणाला, "हो."

"हो म्हणजे? मीठ टाकलंत?"

"हो. दरवर्षी टाकतो. लाकडाला चांगलं."

आता अशा माणसाला पकडायचं कुठे? चोर असेल तर इतक्या सरळ कबूल करेल का? आणि चोर नसेल तर इतकं सरळ बोलून त्याला काय मिळतं?

रंग नवा आहे. नवा रंग म्हणजे खालचं काहीतरी झाकलेलं. चाकूच्या टोकाने तीन-चार ठिकाणी खरवडला, खाली जुना रंग, त्याच्या खाली त्याहून जुना, त्याच्या खाली लाकूड. मेकॅनिकने इंजिन ऐकलं आणि म्हणाला, "वहिनी, डोळे झाकून घ्या." डोळे झाकून! नंतर मी त्याला म्हाताऱ्याबरोबर टपरीवर चहा पिताना बघितलं. एकाच बशीतलं बिस्कीट दोघं खात होते.

पण शेवटी गोगलगायीने पाय बाहेर काढलाच. बयाणा दिला, आणि निघताना म्हातारा म्हणाला, "एवढंच करा, तिला पाण्याबाहेर फार दिवस ठेवू नका." सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाची एकच अट, आणि ती ही! म्हणजे जे काही आहे ते पाण्याखाली आहे. तळ दाखवायचा नाही त्याला. मी त्याच दिवशी ठरवलं. ओंडके मागवले, धक्क्यावरची आठ-दहा माणसं लावली आणि बोट ओढून वर काढली. आता ती बर्फाच्या कारखान्याच्या मागे, उघड्या मैदानात, टेकू लावून उभी आहे. सावलीचं नावही नाही, म्हणजे प्रत्येक फळी लख्ख दिसते.

तळ चांगला आहे. शेवाळ खरवडून काढलं, खाली लाकूड एकसंध. मला तर आणखीच संशय आला. तुमचं उत्तर येईपर्यंत मी तिला पाण्यात घालणार नाही. तोवर उन्हात राहू दे, काय दडलंय ते वर येईल.

तुमच्या आवारात बोटी अशाच उभ्या असायच्या ना, महिनोन्महिने. ती इथे बघितली की क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. हे वाक्य वाचलंत तरी वाचलं नाही असं समजा.

धाकटी


५ एप्रिल

बाबा,

पकडला! मी त्याला रंगेहाथ पकडला.

झालं असं. दोन-तीन दिवस मला बोटीच्या खालची माती ओली दिसत होती. पाऊस नाही, दव नाही, आणि माती ओली. कुठेतरी पाणी मुरत होतं, खरोखरच. म्हणून काल उजाडता उजाडता जाऊन बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीआड उभी राहिले. थोड्या वेळाने आला. दोन्ही हातांत समुद्राच्या पाण्याच्या बादल्या, खांद्यावर जुनी पोती. कोणी नाही बघून त्याने पोती पाण्यात बुडवली आणि बोटीच्या अंगावर अंथरायला लागला, आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालतात तशी. मग उरलेलं पाणी आत ओतलं. परत बादल्या भरून आणल्या, परत ओतल्या. हात इतके थरथरत होते की अर्धं पाणी त्याच्याच पायावर.

मी पुढे झाले. विचारलं, "हे काय चाललंय?"

"पाणी देतोय. सुकतेय ती."

"सुकू दे की! मला कोरडीच बघायची आहे. पाणी पाजून फटी बुजवताय ना? मी सुताराची मुलगी आहे, मला शेंडी लावायची नाही."

त्याने बादली खाली ठेवली. वाटलं आता तरी भांडेल. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "हो." मी एकेक पोतं खेचून काढलं आणि लांब फेकलं. ती सगळी त्याने गोळा केली, घडी घातली आणि निघून गेला. न सांगता, मागे न बघता, थेट तुमच्यासारखा. तुम्ही असेच पंगतीतून, पाहुण्यांतून, बोलता बोलता उठून जायचात. आई तुमच्या चपला धान्याच्या डब्यामागे लपवायची आणि तुम्ही अनवाणी सगळं घर पालथं घालायचात, ते आठवलं.

घरी येऊन तुमच्या जावयाला सांगितलं. त्याने जाळ्याची सुई माझ्या हातातून घेतली, उगाच दोरा ओवला, परत काढला. मग म्हणाला, "म्हातारा वाईट वाटत नाही गं."

"तुला कोण वाईट वाटतं? तुला माझे बाबासुद्धा वाईट वाटत नाहीत."

"नाहीच वाटत," म्हणाला.

त्याला घर म्हणजे काय आणि धंदा म्हणजे काय, काही कळत नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या बोटीवर राबून त्याची पाठ वाकली. मालक दिवसा एक सांगतो, संध्याकाळी वाटा देताना दुसरंच. तरी हा हसत घरी येतो. ही बोट गेली तर दुसरी बोट घ्यायची ताकद आमच्यात नाही, बाबा. आमच्या दोघांच्या अंगात होतं तेवढं सगळं हिच्यात घातलंय. म्हणून मला एकटीलाच दोघांपुरता संशय घ्यावा लागतो.

आता फळ्यांच्या मधे रेघा दिसायला लागल्यात. केसासारख्या होत्या, काल नख जाईल एवढ्या झाल्या. बघा, ऊन लागलं आणि दडलेलं वर आलं. हेच तो पाण्याने लपवत होता.

पण पुढच्या आठवड्यात व्यवहार पुरा करायचाय आणि बयाणा बुडवायची माझी तयारी नाही. लिहा ना काहीतरी. चूक म्हणा, बरोबर म्हणा, मूर्ख म्हणा. एक ओळ.

धाकटी


१२ एप्रिल

हे पत्र कोणाला लिहितेय कोण जाणे.

काल बोट पाण्यात घातली. बोट याच्या नावावर झाली, सही झाली, ओंडके लावले, धक्क्यावरची सगळी माणसं हात लावायला आली. कोणीतरी शिट्टी वाजवली. बोट सरकली, पाण्याला टेकली, तरंगली, आणि तुमचा जावई आत उभा राहून लहान मुलासारखा हात हलवायला लागला. मी पण हलवला. आयुष्यात एकदा मला वाटलं, बस्स, आता काही शोधायचं नाही.

मग तो खाली बघायला लागला. मग वाकला. मग डबा उचलला. मी किनाऱ्यावरून ओरडले, काय झालं? तो नुसता उपसत होता. सांध्यासांध्यातून पाणी येत होतं, एकीकडून नाही, सगळीकडून, चाळणीत ठेवल्यासारखी. इंजिनला पाणी लागेल म्हणून तो ओरडला तेव्हा सगळे धावले, आणि परत ओंडके, परत दोर, परत ती त्याच मैदानात आणून उभी केली. हसलं कोणी नाही. हसले असते तर परवडलं असतं.

होहो तिथेच उभा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर मी त्याला म्हटलं, चोर आहात तुम्ही. या वयात चितेवर काय घेऊन जाणार? आमच्या पोटावर पाय देऊन झोप लागते का? आणखीही बोलले. ते लिहीत नाही. शेवटी विचारलं, आमचं सगळं परत देणार का?

"हो," म्हणाला.

आणि तेव्हा हा ओरडला. म्हाताऱ्यावर नाही, माझ्यावर. "पुरे! एक शब्द नाही आता." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्याने माझ्यावर आवाज चढवला. आणि म्हाताऱ्याचा हात धरून, त्याला सावकाश चालवत घरी सोडायला गेला. मी मैदानात एकटी. रात्री जेवला नाही. एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून पोत्यांच्या वेळी मी गप्प बसलो होतो."

मी बोट परत देणार नाही. परत देऊन पुन्हा कोणाच्या बोटीवर जाणार हा? उद्या सकाळी मी स्वतः एकेका सांध्यात कापूस ठासणार आहे, वरून डांबर. तुम्हाला करताना हजारदा बघितलंय. तुमची गरज नाही.

तुम्ही एक ओळ लिहिली असतीत तर हे झालं नसतं. एकच. वहिनीच्या पत्रातून गुडघा कळवता येतो, बोट कळवता येत नाही? तुम्हाला आम्ही बुडायलाच हवे होतो. तुमचं बोलणं खरं ठरलं, खूश व्हा. आजपासून मला आई नाही आणि बापही नाही. ती गेली आणि तुम्हीही गेलात, असं मी समजते. हे शेवटचं.


२० एप्रिल

बाबा,

तुम्ही आत झोपला आहात आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तुम्हालाच पत्र लिहितेय. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तोंडाने मला हे जमणार नाही आणि तुम्ही मधेच उठून जाल.

तुम्ही जाळ्यांच्या ढिगावर आडवे झालात. नीट गादी घातली होती, ती सोडून. दुखरा पाय उशीवर घेतलाय. दोन खोल्यांचं घर आहे, खालच्या दोरांच्या गोदामाचा वास वर येतो, खिडकीतून धक्का दिसतो, एवढंच. तुम्ही आलात तेव्हा काही बोलला नाहीत, पण दाराची चौकट हाताने चाचपून बघितलीत. मी बघितलं.

झालेलं परत लिहिते, कारण तुम्हाला तुमची बाजू माहीत आहे, माझी नाही. त्या सकाळी मी बोटीखाली उताणी पडून सांध्यात कापूस कोंबत होते. पहिलाच सांधा. हातोडी वर गेली, ती कोणीतरी वरच्या वर धरली. मला वाटलं होहो. म्हणजे मी शिवी द्यायला तोंड उघडलं होतं, हे तुम्हाला दिसलंच असेल.

"ठेव ती," तुम्ही म्हणालात. इतक्या वर्षांनंतरचे पहिले शब्द! "जे तोंड आपोआप मिटणार आहे त्यात बोळा कोंबायचा नसतो. उद्या फुगली की फळी फुटेल. तहान लागलीय तिला."

मग तुम्ही मेकॅनिकला बोलावून इंजिन बाहेर काढायला लावलंत आणि म्हणालात, "आता पाण्यात घाला. बुडू दे." तुमचा जावई माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, बाबा, अहो, बुडेल ती! "बुडू दे म्हटलं ना." आणि आपण तिला उथळ पाण्यात दोर लावून बुडवली, जिच्यासाठी रक्ताचं पाणी केलं तिला, आपल्या हाताने. नुसती काठाची कड वर राहिली. मला रडू आलं. तुम्ही दगडावर बसून गुडघा चोळत होतात.

तुम्ही त्याच दगडावर बसूनच राहिलात, दिवसामागून दिवस. भरती आली की दगड बदलायचात, एवढंच. मला तेव्हा समजलं की लाकूड सुकलं की आकसतं आणि भिजलं की फुगून एकमेकाला घट्ट धरतं. साधी गोष्ट! पोराला कळावी अशी. पण तुमच्या आवारातून बोट पाण्यात गेली की ती आमच्या नजरेआड. पुढे तिचं काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. कोरड्यावरची बोट हीच चांगली बोट असं मी धरून बसले. भोक तिच्यात नव्हतं. दोन-तीन आठवडे उन्हात ठेवून मीच पाडलं, आणि जो माणूस पोती घालून तिला वाचवत होता त्याला मीच चोर म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

परवा पाणी उपसलं. उपसता उपसता तुम्ही म्हणालात, "जावई, डबा द्या इकडे." त्याने डबा दिला आणि तोंड फिरवलं. तुम्हाला वाटलं त्याला शिंक आली. शिंक नव्हती, बाबा. उपसून झाल्यावर तुम्ही मला तळाला हात लावायला सांगितलंत. ओल होती, पाणी नव्हतं. सकाळीही नव्हतं.

मग मी होहोकडे गेले. तुम्ही 'जा' म्हणाला नव्हतात, पण जाईपर्यंत माझ्याकडे बघतही नव्हतात. कारखान्यातून त्याच्यासाठी नवी पोती मागून आणली होती, काय न्यावं सुचेना. माफी मागितली. "हो," म्हणाला. तेवढ्यावर मी हलणार नव्हते. विचारलं, तुम्ही प्रत्येक गोष्टीला हो का म्हणालात? तेव्हा तो बोलला, मी त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात मोठं बोलणं. "पोरी, तुमच्या आधी दोघं आले होते. दोघांनाही इंजिन हवं होतं, लाकूड जाळायला. माझे हात आता थरथरतात, मला ती चालवता येत नाही. तुझ्या नवऱ्याने भाव विचारायच्या आधी पाणी उपसलं. मग तू काहीही मागितलं असतंस तरी मी हो म्हणालो असतो."

आणि मी तेव्हा चिमटा काढला होता.

आता माझा एक प्रश्न. तुम्ही पत्रं वाचत होतात तर लिहिलं का नाहीत? काल विचारलं तर म्हणालात, "सुतार आहे मी, कारकून नाही." हे उत्तर झालं का? मग वहिनीला फोन केला. (तिने माझं एकही पत्र लपवलं नव्हतं, ते असू दे.) ती म्हणाली, पोत्यांचं पत्र वाचलं आणि बाबा उठले, पिशवीत हातोडी आणि कापूस टाकला, आणि म्हणाले, "ही मुलगी बोट मारणार." गुडघा सुजलेला, दादा सोडायला तयार होता तरी थांबला नाहीत. दोन गाड्या बदलून आलात. बोट झाली की या, असं तुम्ही म्हणाला होतात. आमची धड बोटही झाली नव्हती. ती बुडवायची होती, तेव्हा तुम्ही आलात. दगडावरची रेघ तुम्हीच पायाने पुसलीत आणि वर तोंडातून एक शब्द नाही. मला तुमचा इतका राग आला की काल भांडी घासताना मी रडले.

अजून एक. बारा तारखेचं माझं पत्र तुम्ही निघाल्यावर तिकडे पोचलं असणार. ते वाचू नका. वहिनीला सांगितलंय, चुलीत घाल. ती म्हणाली, "कुठे ठेवलंय आठवत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर भरवसा टाकतेय.

बोट आज पहाटे गेली. पहिलीच फेरी. होहोसुद्धा आत बसून गेला, रस्ता दाखवतो म्हणून. खिडकीतून ठिपका दिसेनासा झाला तरी मी तळ कुठे ओला होतोय का ते मनातल्या मनात चाचपतेच आहे. माझा स्वभाव काही लाकडाचा नाही, पाण्यात घातला म्हणून लगेच बदलायला.

आणि संशयाचंच म्हणाल तर मला तुमचाही आहे. तुमची पिशवी भरून दाराशी ठेवलेली पहाटे बोट सुटायच्या आधीच बघितली. आता घोरताय, पण एका लयीत नाही, म्हणजे सोंग आहे. मी जाळी घेऊन धक्क्यावर गेले की तुम्ही उठणार आणि न सांगता निघणार. तर ऐका, चपला शोधत बसू नका. धान्याच्या डब्यामागे नाहीत, तिथे तुम्ही आधी बघाल. त्या बोटीत आहेत, पुढच्या फळीखाली, मी स्वतः ठेवल्या. ती परत आल्याशिवाय तुम्हाला कुठे जाता येणार नाही, आणि ती परत येईल असं तुम्हीच मला सांगितलंय.

धाकटी